गोळ्या लुटणारी टोळी

वेस्टर्न म्हटलं की ॲरिझोनाची लाल माती डोळ्यांपुढे येते. पण ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ (१९०३) मधले दरोडेखोर पळतात ते न्यू जर्सीच्या झाडीतून. पार्सिपनीहून अर्ध्या तासावरच्या साउथ माउंटन रिझर्व्हेशनमध्ये त्याचं काही शूटिंग झालं. गाडी लॅकवाना रेल्वेची. तिच्याच मार्गावरून आज मॉरिस प्लेन्सहून न्यूयॉर्कला लोकल जाते.

हा सिनेमा सगळ्यांना ऐकून माहीत असतो. जुन्या फिल्म जमवणाऱ्यांचा जीव मात्र त्याच्या धाकट्या भावंडात अडकतो: ‘द लिटल ट्रेन रॉबरी’, १९०५. दिग्दर्शक तोच, एडविन पोर्टर, कंपनीही एडिसनचीच. फक्त दरोडेखोर लहान मुलं, गाडी बागेतली, आणि लूट म्हणजे बाहुल्या आणि गोळ्या. खायच्या!

विनोद म्हणून खरं तर तो पाच मिनिटांत संपतो. मग त्यात एवढं काय? विडंबन चालतं ते मूळ गोष्ट लोकांना पाठ असेल तरच. दोनच वर्षांत प्रेक्षकाला टोळी, लूट, पाठलाग सगळं ओळखीचं झालं होतं, याचा पुरावा हा पोरखेळ देतो. गंभीर वेस्टर्न तो देऊ शकत नाही. आणि मुलं अजिबात हसत नाहीत, मन लावून दरोडा घालतात. मला तेच आवडलं.

तेव्हा कॉपीराइटसाठी अमेरिकन कंपन्या अख्खी फिल्म कागदावर छापून लायब्ररी ऑफ काँग्रेसला द्यायच्या. नायट्रेट जळलं, सडलं, कागद राहिला. त्यामुळे हजारो फिल्म वाचल्या, फालतू म्हणाव्यात अशासुद्धा.

आपल्याकडे ही सोय नव्हती. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची काही रिळं तरी आहेत. त्यांनीच ‘पिठाचे पंजे’ नावाची छोटी विनोदी फिल्मही केली होती. तिचं नाव उरलंय. लोक नेमके कशाला हसले, ते गेलं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर चांगलं-वाईट न निवडता सगळं जमवायचे, पण संग्रहालय सुरू झालं १९६४ साली. तोवर कितीतरी मूकपट चांदीसाठी भंगारात गेले होते.

पोर्टरचे दोन्ही सिनेमे नेटवर फुकट आहेत. आधी मोठा बघा, मग छोटा.