‘हाय डेफिनिशन’ तबकडी : बिंदू किती, चित्र किती?

दूरचित्रवाणी संच, मोबाइल, इंटरनेटवरचे चित्रपट, सगळ्यांवर आज ‘एचडी’ ही दोन अक्षरे दिसतात. घरी चित्रपट पाहणाऱ्यांसाठी या अक्षरांना खरा आशय दिला तो 2006 साली बाजारात आलेल्या ब्लू-रे तबकडीने. भौतिकशास्त्राचा इतका सुटसुटीत धडा क्वचितच सापडतो. तो वर्गात जरूर शिकवावा. मात्र ‘एचडी’च्या नावाने जे खपवले जाते त्याची चिकित्सा केल्याशिवाय धडा पुरा होत नाही, असे आम्हांस वाटते.

आधी गुणांची बाजू पाहू. तबकडीवर माहिती सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने सर्पिल रेषेत नोंदलेली असते. लेसरच्या प्रकाशाचा ठिपका ती वाचतो. ठिपका जितका लहान, तितके खळगे लहान ठेवता येतात. तो लहान करण्याचे मार्ग दोन : प्रकाशाची तरंगलांबी कमी करणे किंवा अधिक रुंद कोनातून प्रकाश एकवटणारे भिंग वापरणे. भिंगाचा हा गुण ‘संख्यात्मक द्वारक’ या आकड्याने सांगतात. ठिपक्याचा व्यास तरंगलांबी भागिले द्वारक या प्रमाणात असतो.

डीव्हीडीसाठी तरंगलांबी 650 नॅनोमीटर आणि द्वारक 0.60, भागाकार सुमारे 1083. ब्लू-रेसाठी 405 नॅनोमीटर आणि 0.85, भागाकार सुमारे 476. म्हणजे ठिपका 2.27 पट लहान झाला. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते, तेव्हा तेवढ्याच जागेत सुमारे 5.2 पट माहिती मावली पाहिजे. डीव्हीडीच्या एका थरावर 4.7 गिगाबाइट मावतात, त्यांची 5.2 पट म्हणजे 24.4. ब्लू-रेची प्रत्यक्ष क्षमता आहे 25! दहावीचा विद्यार्थीही हे गणित फळ्यावर सोडवू शकेल.

अर्थात रुंद कोनाची किंमत मोजावी लागतेच. तबकडी किंचित कलली तरी ठिपका विस्कटतो. म्हणून माहितीचा थर पृष्ठभागाच्या अगदी जवळ, 0.1 मिलिमीटरवर आणावा लागला. डीव्हीडीत तो 0.6 मिलिमीटर आत असतो. मग ओरखड्यांचे भय वाढले आणि वर कठीण लेप देणे आले. प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडीने 0.6 मिलिमीटरच ठेवले, पण थरामागे क्षमता 15 गिगाबाइटवर थांबली. फेब्रुवारी 2008 मध्ये तोशिबाने तिचा नाद सोडला.

आता आक्षेपाची बाजू. शेलार हे भिवंडीलगतचे गाव. यंत्रमागाच्या या पट्ट्यात कापड पारखणारा माणूस इंचात उभे धागे किती आणि आडवे किती हे आधी विचारतो. पण तेवढ्यावर सौदा करीत नाही. सुताचा काउंट विचारतो, कापड चिमटीत धरून उजेडाकडे नेऊन पाहतो. ‘1920 × 1080’ ही नुसती धाग्यांची मोजणी आहे. सूत कसे आहे, हे त्यातून कळत नाही.

चित्राचे सूत म्हणजे दर सेकंदाला मिळणारी माहिती. सेकंदाला 24 चित्रे, प्रत्येकात 20,73,600 बिंदू आणि दर बिंदूला 24 बिट धरले, तर सेकंदाला सुमारे 1,194 मेगाबिट लागतील. अडीच तासांचा चित्रपट 25 गिगाबाइटमध्ये बसवायचा तर वाट्याला येतात जेमतेम 22. म्हणजे उत्तम तबकडीही माहिती पन्नासाहून अधिक पट आकसूनच देते. इंटरनेटवरून तेवढ्याच बिंदूंचे चित्र अनेकदा पाचेक मेगाबिटांत येते. पाऊस, धूर, गर्दीचे दृश्य आले की फरक लगेच दिसतो. वेष्टनावर मात्र अक्षरे तीच.

दुसरा प्रश्न डोळ्याचा. निरोगी डोळा साधारणपणे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनापर्यंत दोन बिंदू वेगळे ओळखतो. 32 इंची पडद्यावर बिंदूंमधील अंतर सुमारे 0.37 मिलिमीटर असते. ते वेगळे दिसायला सव्वा मीटरवर, म्हणजे जवळजवळ चार फुटांवर बसावे लागेल. दहा फुटांवरून पाहणाऱ्याला पूर्ण लाभ हवा तर पडदा 77 इंची हवा. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तो लावायचा कुठे?

तिसरा आणि आमच्या मते सर्वांत गंभीर प्रश्न मूळ प्रतीचा. मराठी चित्रपट घरोघर पोचले ते बव्हंशी व्हीसीडीवर. तिच्यात बिंदू 352 × 288, म्हणजे एक लाखाच्या जरा वर. अशीच प्रत ताणून वीस लाख बिंदूंवर पसरली आणि तिला ‘एचडी’ म्हटले, तर उरलेले एकोणीस लाख बिंदू यंत्राचे अंदाज असतात. त्यांत नटाच्या चेहऱ्यावरची एकही खरी सुरकुती नसते. खरा तपशील असतो 35 मिलिमीटरच्या फिल्मवर. आणि 2003 साली पुण्यातील आगीत प्रभातच्या चित्रपटांसह कितीतरी जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. त्यांतला जो तपशील अन्यत्र कुठे उतरवलेला नव्हता, तो कोणतेही लेसर परत आणणार नाही.

उलट उदाहरणही पुण्याचेच. उदय शंकर यांचा ‘कल्पना’ (1948) राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या फिल्मवरून दुरुस्त होऊन 2012 मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. 2022 मध्ये तो अमेरिकेत ब्लू-रेवर निघाला. पण ब्लू-रेने जगाचे तीन विभाग पाडले आहेत. अमेरिकेचा विभाग वेगळा, भारताचा वेगळा. पुण्यात जपलेल्या चित्रपटाची तबकडी पुण्यातल्या यंत्रावर चालेलच याची खात्री नाही. ही अडचण निसर्गनियमाची नव्हे, व्यापाराची आहे, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

तरीही तबकडीचा एक गुण आम्ही मोठा मानतो : विकत घेतलेली प्रत आपल्या कपाटात राहते, दूरच्या संगणकावरून कुणी ती काढून घेत नाही. म्हणून आमचा रोख तबकडीवर नसून छापील अक्षरांवर विसंबण्यावर आहे. शाळेसाठी संच वा चित्रपट घेताना तीन प्रश्न विचारावेत : सेकंदाला माहिती किती? शेवटच्या बाकावरून पडदा किती अंतरावर? आणि मूळ प्रत कोणती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुले स्वतः काढतील. तिसऱ्याचे उत्तर विक्रेत्याकडून मागावे, आणि ते मिळेपर्यंत ‘एचडी’ या शब्दाला किंमत देऊ नये.