घरगुती संगीतकार व त्याचा पहिला श्रोता

संगीताच्या विचारांत घर ह्या स्थळाला आजवर दुय्यम मान मिळत आला आहे. आपल्याकडे घर हें रियाजाचें ठिकाण. गाणें सिद्ध व्हावयाचें तें मैफलींत. पाश्चात्यांकडे घर हें हौसेचें ठिकाण. तेथील पियानो पाहुण्यांच्या करमणुकीकरितां. गेल्या पाऊणशें वर्षांत मात्र ह्या दोहोंहून निराळा असा एक कलावंत उदयास आला आहे. दिवसभर पोटापाण्याचा उद्योग करून रात्रीं खोलीचें दार लावून घेणारा, स्वतःच गीत रचणारा, स्वतःच गाणारा व वाजविणारा, आणि स्वतःच ध्वनिमुद्रण करून तें जगापुढें ठेवणारा असा हा स्वतंत्र घरगुती संगीतकार होय. त्याची कृति आतां रियाज नव्हे व निव्वळ हौसहि नव्हे. ती कलाकृति म्हणून पुढें येते, आणि म्हणूनच तिची परीक्षा करणें हें टीकाकाराचें कर्तव्य ठरतें.

ह्या कलावंताविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो कीं, कंपनी, व्यवस्थापक व बाजार ह्यांच्या तावडींतून सुटल्यामुळें त्याच्या गाण्यांत शुद्ध आत्माविष्कार असतो. दुसरा म्हणतो कीं, गुरूवांचून व साथीदारांवांचून केलेलें गाणें कच्चेंच राहावयाचें. आमच्या मतें दोन्ही पक्ष मूळ प्रश्नाला बगल देतात. तो प्रश्न असा: दार लावून बसलेल्या ह्या कलावंताचें गाणें प्रथम ऐकतो कोण?

ह्या पंथाचा एक आद्य पुरुष म्हणजे अमेरिकन गिटारवादक लेस पॉल (१९१५–२००९). हॉलिवुडमधील आपल्या घराच्या गॅरेजमध्यें त्यानें कॅडिलॅक मोटारीच्या फ्लायव्हीलचा उपयोग करून तबकड्या कोरण्याचें यंत्र तयार केलें होतें. एक गत एका तबकडीवर मुद्रित करावयाची, ती वाजत असतां तिच्या जोडीला दुसरी वाजवावयाची, आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर घ्यावयाच्या, अशा रीतीनें त्यानें एकट्यानें आठ गिटारींचा मेळ रचला. १९४८ सालीं ‘लव्हर’ ह्या तबकडीच्या रूपानें तो लोकांपुढें आला. पुढें चुंबकीय फीत हातीं आल्यावरहि परीक्षा कठीणच राहिली. कारण नवा थर चढवितांना जुना पुसला जाई व शेवटच्या थरांत एक सूर चुकला तरी सर्व मुळापासून करावें लागे. तरीहि केवळ गिटारींच्या ह्या चमत्कारांत आम्हांस चातुर्याचा आनंद अधिक व भावाचा कमी वाटतो. पत्नी मेरी फोर्ड हिचा कंठ त्यांत मिसळला तेव्हांच त्याला माणसाची ऊब आली. १९५१ सालीं ह्या दांपत्याचें ‘हाऊ हाय द मून’ अमेरिकेंत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतें. घरांत यंत्र होतें, तसेंच ऐकणारें दुसरें माणूसहि होतें.

ह्याहून अधिक विचार करावयास लावणारें उदाहरण ब्रूस स्प्रिंगस्टीनचें आहे. हा कांहीं उपेक्षित गायक नव्हे. १९८० पर्यंत तो कोलंबिया कंपनीचा कीर्तिमान कलावंत झाला होता. तथापि १९८२ च्या सुमारास न्यू जर्सींतील कोल्ट्स नेक येथील भाड्याच्या घरांत, शयनगृहामध्यें, चार पट्ट्यांचें साधें कॅसेट-यंत्र व दोन मायक्रोफोन घेऊन तो बसला, आणि बहुतेक गीतें त्यानें तेथेंच मुद्रित केलीं. हेतु एवढाच कीं, हा कच्चा खर्डा साथीदारांस ऐकवावा. फीत प्रथम त्याचा व्यवस्थापक व मित्र जॉन लँडॉ ह्याच्याकडे गेली. पुढें न्यूयॉर्कच्या स्टुडिओंत सर्व साथीदारांसह तींच गीतें पुन्हां वाजवून पाहण्यांत आलीं. परंतु वाद्यें वाढलीं तसतसा गीतांचा प्राण उडूं लागला. अखेर ती खिशांत बाळगलेली कॅसेटच ‘नेब्रास्का’ ह्या नांवानें ३० सप्टेंबर १९८२ रोजीं प्रसिद्ध झाली. साथीदारांसह केलेले ते प्रयत्न २०२५ सालीं प्रकाशांत आले असल्यामुळें आतां जिज्ञासूंस स्वतःच ताडून पाहतां येईल.

असें कां झालें? ह्या संग्रहांतील माणसें एकटीं आहेत. शीर्षकगीत तर १९५८ सालीं वायोमिंगमध्यें पकडल्या गेलेल्या चार्ल्स स्टार्कवेदर ह्या खुन्याच्या तोंडीं घातलेलें आहे. असल्या माणसाच्या मागें ढोल व इलेक्ट्रिक गिटारी उभ्या केल्या कीं त्याचें एकाकीपण नाहींसें होतें. रात्रीच्या खोलींतील कुजबूज, फितीची बारीक खरखर, आवाजांतील थकवा हे येथें दोष नसून आशयाचेच अंश आहेत. पण ह्यावरून घरांतलें तें सर्व श्रेष्ठ असा सिद्धांत काढूं नये. त्याच कॅसेटवर ‘बॉर्न इन द यू. एस. ए.’ हें गीतहि होतें, आणि तें मात्र साथीदारांसह वाजविल्यावरच फुललें. १९८४ सालीं तें जगभर गाजलें. एकाच खोलींत, एकाच यंत्रावर मुद्रित झालेल्या गीतांपैकीं कांहींना घर मानवलें व एकाला रंगमंच हवा होता. हा विवेक यंत्र करूं शकत नाहीं. तो ऐकणाऱ्या कानांनीं, आणि तेहि एकाहून अधिक माणसांच्या कानांनीं, करावा लागतो.

डॅनिएल जॉन्स्टन (१९६१–२०१९) ह्याच्या नांवामागें कंपनी नव्हती, पैसाहि नव्हता. आईबापांच्या घराच्या तळघरांत तो साध्या टेपरेकॉर्डरवर गाई. फितीची नक्कल करण्याची सोय जवळ नसल्यामुळें आरंभीं फीत मागणाऱ्या प्रत्येकासाठीं तो सगळीं गाणीं नव्यानें गात असे. पुढें टेक्सासमधील ऑस्टिन शहरीं मॅकडोनाल्ड्समध्यें नोकरी करीत असतां त्यानें आपल्या कॅसेटी भेटेल त्याच्या हातीं दिल्या. दीर्घ मानसिक आजारामुळें त्याच्याविषयीं फार हळवें लिहिलें जातें. तें आम्हांस मान्य नाहीं. त्याचीं कांहीं गाणीं अर्धवट सुटलेलीं आहेत, आणि आवाज सुराला सोडून डळमळतो हेंहि खरें. पण उत्तम गाण्यांत चालीची बांधणी पक्की आहे, आणि प्रत्येक ओळ समोर बसलेल्या कोणाला तरी उद्देशून म्हटल्यासारखी वाटते. प्रत्येक प्रतीमागें एक खरा श्रोता होता, ह्याचाच हा परिणाम असावा, असें आमचें अनुमान आहे.

आपल्या मराठी वाचकांस ही गोष्ट परकी वाटूं नये. पहाटे जात्यावर ओवी गाणारी स्त्री ही आपल्या भूमींतील घरगुती संगीतकारच होय. तिला रंगमंच नव्हता, बिदागी नव्हती; पण जात्याच्या खुंट्याला पुष्कळदां दुसरा हात असे, आणि त्या हाताच्या माणसासाठीं ती गाई. घराची एकांतता व श्रोत्याची संगत ह्यांत विरोध नाहीं, हें तिनें फार पूर्वींच दाखविलें आहे.

आज यंत्राची अडचण उरलेली नाहीं. लॉस एंजेलिसमधील घराच्या निजावयाच्या खोलींत मुख्यतः तयार झालेला बिली आयलिशचा पहिला संग्रह २०१९ सालीं निघाला आणि दुसऱ्याच वर्षीं त्याला ग्रॅमीचें सर्वोच्च पारितोषिक मिळालें. तेथेंहि बहिणीशेजारीं फिनिअस हा भाऊ बसलेला होता, हें विसरतां कामा नये. परंतु ज्याच्या शेजारीं कोणीच नाहीं अशा हजारों तरुणांपुढें आज अगणित पट्ट्या आहेत, व केलेलें केव्हांहि पुसण्याची सोय आहे. लेस पॉलला चुकीचें भय होतें, स्प्रिंगस्टीनला चारच पट्ट्या होत्या, जॉन्स्टनला प्रत्येक वेळीं शेवटपर्यंत गाणें भाग होतें. बंधनानें त्यांस थांबावयास शिकविलें. नव्या संगीतकारास असें थांबविणारें कोणी नाहीं, म्हणून तो वर्षभर एकाच गीताला पैलू पाडीत बसतो, आणि तें गीत कोणाच्याहि कानीं पडत नाहीं.

त्याला आमचें सांगणें एवढेंच कीं, अधिक चांगलें यंत्र घेण्याआधीं त्यानें एक जाणता व स्पष्टवक्ता श्रोता मिळवावा. तसेंच आम्हां टीकाकारांनींहि यंत्राची किंमत किंवा कलावंताचें दारिद्र्य ह्यांकडे न पाहतां गाणें ऐकावें, आणि कच्चें असेल त्यास कच्चें म्हणावें. एकट्यानें केलेल्या कृतीला तरी ह्याहून अधिक मोलाचा सन्मान दुसरा नाहीं.