अ, ब, क : साथीतल्या एका पत्रकाचे वाचन

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. ती शाळकरी मुलगी होती. शाळा बंद झाल्या, मास्क मिळेनासे झाले, तपासणी केंद्रांपुढे रांगा लागल्या. त्याच महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांची अ, ब, क अशी वर्गवारी सांगणारे एक छोटे पत्रक काढले. ते डॉक्टरांसाठी होते, तरी शिक्षकांनी ते जरूर वाचावे असे आम्हाला वाटते. फ्लूविषयी एरवी जे छापले जाते त्याहून हे लिखाण निराळे आहे.

एरवी छापली जाते ती लक्षणांची यादी: ताप, खोकला, घसादुखी, वाहते नाक, अंगदुखी, थकवा. यादी खोटी नाही. पण पावसाळ्यात अर्धा वर्ग शिंकत असताना तिचा उपयोग काय? साध्या सर्दीतही यांतली बरीच लक्षणे असतात. सर्दी नाकापासून सुरू होऊन हळूहळू वाढते, तर फ्लू बहुधा एकाएकी गाठतो. सकाळी मैदानावर धावणारे मूल संध्याकाळी तापाने फणफणते, अंग ठणकते, उठवत नाही. हा फरक शिकवण्याजोगा आहे, मात्र तोही दर वेळी स्पष्ट दिसेलच असे नाही.

पत्रक या वादात पडतच नाही. आजाराचे नाव काय, यापेक्षा आता करायचे काय, हा प्रश्न ते सोडवते. सौम्य ताप आणि त्याबरोबर खोकला किंवा घसादुखी असेल तर रुग्ण 'अ' वर्गात. त्याने घरी राहायचे, लोकांत आणि घरातल्या नाजूक प्रकृतीच्या माणसांत मिसळायचे नाही. चाचणी नको, विषाणूविरोधी औषधही नको. ताप आणि घसादुखी तीव्र असेल, किंवा रुग्ण गरोदर, वृद्ध, मधुमेही, हृदयरोगी वा दमेकरी असेल तर 'ब': मुक्काम घरीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली ऑसेल्टामिविर. धाप, छातीत दुखणे, गुंगी, रक्तदाब उतरणे, थुंकीतून रक्त, निळसर नखे यांपैकी काही दिसले की 'क': तत्काळ रुग्णालय, आणि चाचणी.

आम्हाला यातले सर्वांत मोलाचे वाक्य वाटते ते 'अ'मधले: चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी रुग्णाला पुन्हा पाहा. आजार एका जागी थांबत नाही. यादीत हे मावत नाही, वर्गवारीत मावते. ऑसेल्टामिविरही पहिल्या ४८ तासांत दिल्यास अधिक उपयोगी पडते, म्हणजे हा वेळ वाया घालवण्याचा नव्हे.

दोष सांगायचा तर 'चाचणी नको' हा आदेश आहे, त्यामागचे कारण दिलेले नाही. सौम्य रुग्णाचा अहवाल काहीही आला तरी उपचार तोच राहतो. उलट रांगेत तासन्‌तास उभा राहून तो विषाणू वाटतो किंवा घेऊन येतो. एवढी दोन वाक्ये असती तर पालकांना ते हलगर्जीपणाचे फर्मान वाटले नसते. कारण न सांगितल्याने जी पोकळी राहते तिथे कापराच्या पुड्या शिरतात. 'क'च्या यादीत आणखी एक ओळही हवी होती: ताप उतरून मूल बरे होऊ लागले आणि दोन-तीन दिवसांनी ताप-खोकला पुन्हा उसळला, तर तो जिवाणूजन्य न्यूमोनिया असू शकतो, थांबू नये.

जे आजारी नाहीत त्यांच्यासाठी पत्रक फारसे बोलत नाही. तो त्याचा विषय नव्हता. पण शाळेचा आहे. लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून रुग्ण विषाणू पसरवतो, त्यामुळे केवळ आजारी मुलांना बाजूला करून साथ पूर्ण थांबत नाही. खिडक्या उघड्या ठेवणे, साबणाने हात धुणे (या विषाणूचे वेष्टन स्निग्ध असते, साबण ते फोडतो), कोपरात खोकणे आणि लस, हे सर्व लागते. २००९ चा विषाणू आता हंगामी फ्लूचाच एक भाग झाला आहे. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो आणि लशीला परिणाम दाखवायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून ती पावसाआधी घेतलेली बरी.

आणि शंभर टक्के हजेरीचे बक्षीस? 'अ' वर्गातले मूल ज्या दिवशी घरी असायला हवे, नेमके त्याच दिवशी ते बक्षीस त्याला बाकावर आणून बसवते. औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल तेव्हाच त्याने परत यावे, आणि तोवरची गैरहजेरी बक्षिसाच्या हिशेबातून वगळावी.