ऐंशी टक्के शब्द, अर्थ किती?

मराठी माध्यमातून शिकलेल्या बहुतेकांनी एक सल्ला कधी ना कधी ऐकलेला असतो: इंग्रजी सुधारायचे असेल तर रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचा. सल्ला देणारे वडीलधारे असतात, त्यांचा हेतू चांगला असतो, आणि त्यांतल्या पुष्कळांनी स्वतः तसे केलेले नसते. अलीकडे या सल्ल्याला एक पुस्ती जोडली जाते: 'आणि आता मोबाइल आहेच की! अडलेल्या शब्दावर बोट ठेवले की अर्थ समोर.' शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत हेच थोड्या भारदस्त भाषेत सांगितले जाते. पाठ्यपुस्तकातले उतारे बेतून लिहिलेले, म्हणून कृत्रिम. तेव्हा मुलांना अस्सल इंग्रजी द्या. बातम्या द्या, चित्रपट दाखवा, भाषणे ऐकवा. उरलेले काम तंत्रज्ञान करील.

या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण ते मांडताना साधे अंकगणितसुद्धा कोणी करून पाहत नाही, अशी माझी तक्रार आहे.

कोणत्याही भाषेत थोडेसेच शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि बाकीचे असंख्य शब्द क्वचित कधीतरी भेटतात. ही गोष्ट शिकवण्याच्या कामी लावण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्याच उपखंडात झाला. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगालमध्ये काम करीत होते. तिथल्या मुलांना इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचता येण्याची गरज अधिक आहे, असे त्यांचे मत होते. त्यांनी मोजक्या शब्दांत लिहिलेली वाचनपुस्तके तयार केली. पुढे १९५३ मध्ये त्यांनी सुमारे २००० उपयुक्त इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. वर्तमानपत्रासारख्या मजकुरातले सुमारे ८० टक्के शब्द या यादीतले, किंवा त्यांचीच रूपे, असतात. आपला दहावीचा बरा विद्यार्थी या यादीपर्यंत पोचला आहे असे समजू. तरीही पाचशे शब्दांच्या बातमीत त्याला शंभर ठिकाणी ठेच लागणार.

'पण ऐंशी टक्के तर कळले ना?' असे कोणी म्हणेल. पुढचे वाक्य वाचून पाहा. त्यातला दर पाचवा शब्द मी मनाने बनवलेला आहे:

'परवा रात्री आमच्या गावच्या भिडग्यावर मोठा पाऊस झाला आणि ढोमण्यामुळे खालच्या आळीतली सगळी जुनी रिंपणे सकाळी उठून पाहतो तो टिसकलेली.'

वीस शब्दांपैकी सोळा आपल्या ओळखीचे आहेत. व्याकरण तर पूर्ण आपले. शिवाय 'भिडगा' ही जागा आहे, 'रिंपण' ही वस्तू आहे आणि ती जुनी असू शकते, एवढे अनुमानही आपण सहज करतो. पण घडले काय? घरे पडली, की होड्या बुडाल्या, की आणखी काही? ते कळायला मार्ग नाही, कारण जे घडले ते नेमके त्या चार शब्दांत आहे.

यात योगायोग काही नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या माहितीच्या गणिती सिद्धान्तानुसार, जी गोष्ट क्वचित घडते ती घडल्याने जास्त माहिती मिळते. 'आणि' हा शब्द आला म्हणून आपल्याला विशेष काही कळत नाही. 'भूस्खलन' आला की सारे चित्र बदलते. म्हणून ऐंशी टक्के शब्द येणे म्हणजे ऐंशी टक्के अर्थ कळणे नव्हे. जे वीस टक्के येत नाहीत त्यांतच बातमी असते.

हू आणि पॉल नेशन या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच प्रकारची परीक्षा घेतली होती. इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी एक गोष्ट दिली आणि तिच्यातले काही शब्द बदलून निरर्थक शब्द घातले. ८० टक्के शब्द ओळखीचे ठेवले तेव्हा एकालाही गोष्ट पुरेशी समजली नाही. बहुतेकांना विनासायास समजण्यासाठी ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे पन्नास शब्दांत फार तर एक नवा. पुढे २००६ मध्ये नेशन यांनी हिशेब मांडला, की एवढी पातळी गाठून वर्तमानपत्र किंवा कादंबरी वाचायची तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे यावी लागतात. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची साधित रूपे. दोन हजारांवर उभ्या असलेल्या मुलाला आपण नऊ हजारांच्या पायरीवर उडी मारायला सांगतो, आणि ती चुकली की 'वाचनाची गोडीच नाही हो' म्हणतो.

हा प्रश्न केवळ इंग्रजीच्या तासापुरता असता तर मी इथे लिहिले नसते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी हा विषय आला. पण मराठी माध्यमातला विद्यार्थी अकरावीला विज्ञान शाखेत जातो तेव्हा भौतिकी, रसायन, जीवशास्त्र हे सारे एकाएकी इंग्रजीतून समोर येते. ज्याला दहावीपर्यंत ऑस्मोसिस उत्तम समजला होता, पण 'परासरण' या नावाने, तो पहिल्या सहामाहीत स्वतःला मठ्ठ समजू लागतो. अशी किती मुले आपण विज्ञानातून गमावली याची मोजदाद कुठे नाही. पण अकरावीच्या वर्गाला शिकवणाऱ्या कोणालाही त्यातले दोन-चार चेहरे तरी आठवतीलच.

मग वेस्ट यांच्यासारखे बेतलेले उतारेच बरे का? त्यांचा हिशेब प्रामाणिक होता, हे मान्य केले पाहिजे. पण शब्द मोजून लिहिलेल्या मजकुरात एक उणीव राहते: तो कोणालाच हवा नसतो. तो मुलाला वाचता यावा म्हणून लिहिलेला असतो, काही सांगायचे म्हणून नव्हे, आणि मुलांना हे चटकन कळते. आता हे काम यंत्रेही करतात. हजार शब्दांच्या मर्यादेत बेडकावर उतारा लिही म्हटले की अर्ध्या मिनिटात तो हजर. वेस्ट यांना ज्याला वर्षे लागली ते काम सोपे झाले, हे खरे. बेडकाबद्दल त्यात काही चुकीचे लिहिले नाही ना, हे मात्र शिक्षकालाच पाहावे लागते. आणि मूळची उणीव जशीच्या तशी राहते.

'अस्सल' या शब्दाचा गोंधळ हेन्री विडोसन यांनी १९७८ मध्येच सोडवून दाखवला होता. त्यांचे म्हणणे असे, की मजकूर इंग्रजांनी इंग्रजांसाठी लिहिला म्हणून तो खरा असेल. पण तो वाचकासाठी अस्सल ठरतो तो वाचक आणि मजकूर यांच्या नात्यामुळे. लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या संपाची बातमी लंडनच्या नोकरदारासाठी अस्सल आहे. धाराशिवच्या मुलासाठी तो एक कागद आहे. प्रशिक्षणवर्गांत हा भेद क्वचितच सांगितला जातो. तिथे अस्सल म्हणजे परदेशी, असेच गृहीत धरलेले दिसते.

इथे थोडे स्वतःबद्दल सांगणे भाग आहे. इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख मला धड समजू लागण्याच्या कितीतरी आधी मी माझ्या विषयातले इंग्रजी शोधनिबंध वाचू लागलो होतो. ऐकणाऱ्याला हे उलटे वाटते. पण शोधनिबंधात वाक्यांचे साचे ठरलेले असतात, तेच तेच शब्द पानोपानी भेटतात आणि मुख्य म्हणजे विषय मला आधीच ठाऊक होता. 'मोजले', 'आढळले', 'सूचित होते' एवढी क्रियापदे आली की निम्मे काम झाले. अग्रलेखात मात्र दररोज नवा विषय, नव्या कोपरखळ्या. थोडक्यात, अवघड वाटणारा मजकूर सोपा निघाला, कारण तो अरुंद होता.

नभोवाणीने हे फार पूर्वी ओळखले होते. व्हॉइस ऑफ अमेरिकाने १९५९ मध्ये 'स्पेशल इंग्लिश' नावाचे कार्यक्रम सुरू केले. सुमारे १५०० शब्दांचा साठा, छोटी वाक्ये, आणि नेहमीच्या बातम्यांच्या दोन-तृतीयांश वेगाने वाचन. शब्द मोजलेले, पण बातमी खरी. म्हणजे वेस्ट यांचा हिशेब होता आणि त्यांची उणीव नव्हती. त्या बातम्या अमेरिकेच्या नजरेतून सांगितलेल्या असत हा दोष होताच. मार्च २०२५ मध्ये त्या संस्थेचे बहुतेक प्रसारण थांबवण्यात आले. पण त्या कार्यक्रमाचे तंत्र कोणाही शिक्षकाला उचलता येते.

आता मोबाइलकडे वळू. वर म्हटलेल्या बातमीतले शंभर शब्द छापील कोशात पाहायचे, तर शब्दाला अर्धा मिनिट धरून पन्नास मिनिटे लागतील. मोबाइलवर शब्दाला पाच सेकंद धरली तर आठ-नऊ मिनिटांत काम होते. ही बचत खरी आहे आणि तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न पुढचा आहे: आठवड्याने त्या शंभरांतले किती शब्द मुलाच्या डोक्यात उरले? कार्पिके आणि रोडिगर यांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले चाळीस शब्द इंग्रजी अर्थांसह पाठ करायला दिले. एकदा बरोबर सांगता आलेला शब्दही काहींना पुन्हा पुन्हा आठवून सांगायला लावला. इतरांची त्या शब्दावरची चाचणी बंद केली. त्यांच्यातल्या काहींनी तो पुढेही नुसता वाचणे चालू ठेवले. आठवड्याने पहिल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले, दुसऱ्यांना जेमतेम एक-तृतीयांश. पुन्हा पुन्हा पाहण्याने फारसा फरक पडला नाही. आठवण्याचा प्रयत्न करण्याने पडला. बोट ठेवताच अर्थ देणारा मोबाइल नेमका हा प्रयत्नच काढून घेतो. तेव्हा आधी अंदाज वहीत लिहायचा, मग बोट ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी मोबाइल बंद करून तेच शब्द विचारायचे, एवढी शिस्त लावली तर यंत्र कामाचे. ध्वनिमुद्रण मागे नेऊन पुन्हा ऐकणे, वेग कमी करणे, इंग्रजी बोलण्याखाली इंग्रजीच अक्षरे उमटवणे, या सोयी मात्र मला निर्विवाद चांगल्या वाटतात. त्या मुलाचे काम हिरावून घेत नाहीत, त्याला करायला वेळ देतात.

अरुंद, रोज नवा, खरा, आणि मुलाला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीबद्दलचा इंग्रजी मजकूर कुठे मिळेल? पावसाळ्यात तरी उत्तर सोपे आहे: भारतीय हवामान खात्याचे दैनिक निवेदन. ते इंग्रजीत रोज निघते, फुकट मिळते आणि त्यातले शब्द थोडे व काटेकोर असतात. 'आयसोलेटेड' याचा अर्थ कोशात 'एकाकी' किंवा 'अलग' असा सापडेल. निवेदनात त्याचा अर्थ एका भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, ज्याला मराठीत 'तुरळक ठिकाणी' म्हणतात. २६ ते ५० टक्के केंद्रांवर असेल तर 'स्कॅटर्ड', ५१ ते ७५ असेल तर 'फेअरली वाइडस्प्रेड' आणि त्याहून अधिक असेल तर 'वाइडस्प्रेड'. तसेच 'हेवी' म्हणजे नुसता जोराचा पाऊस नव्हे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. ११५.६ ते २०४.४ 'व्हेरी हेवी', आणि त्यापुढे 'एक्स्ट्रीमली हेवी'. वीस-पंचवीस शब्द आले की मूल निवेदन वाचते. पुढचे तीन महिने तेच शब्द रोज भेटतात, तेही मुद्दाम पाठ करायला न लावता. शाळेच्या छपरावर पर्जन्यमापक असला तर आणखी मजा. सकाळी मोजलेला पाऊस ७० मिलिमीटर निघाला तर त्याला कोणता इंग्रजी शब्द लावायचा यावर वर्गात वाद होतो, आणि तो वाद भाषेचा की विज्ञानाचा हे सांगता येत नाही.

असा दुसरा मजकूर औषधाच्या दुकानात मिळतो. जलसंजीवनीच्या पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचे २००२ चे सूत्र छापलेले असते: सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९, एकूण २०.५ ग्रॅम, एक लिटर पाण्यात. 'डिझॉल्व्ह' या क्रियापदाचा अर्थ इथे हाताने करून कळतो. आणि हे वाचता येणे ही चैन नव्हे. ओआरएस ही अक्षरे मिरवणारी गोड पेये बाजारात वर्षानुवर्षे विकली जात होती. या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ती अक्षरे वापरायला भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तोवर, जुलाबाने सुकलेल्या पोराला खोक्यातून काय पाजले जात आहे, हे कळायला पाठीमागचे बारीक इंग्रजी वाचण्याखेरीज मार्ग नव्हता.

यावर एक आक्षेप हमखास येईल, की पाऊस आणि पुडी वाचून परीक्षेतला निबंध लिहिता येत नाही. खरे आहे, येत नाही. निबंधासाठी वेगळा अभ्यास लागेल आणि कवितेसाठी त्याहून वेगळा. माझा दावा अकरावीच्या पहिल्या सहामाहीपुरताच आहे. मोजमाप, प्रमाण, अट आणि सूचना सांगणारी इंग्रजी वाक्ये ज्याच्या कानाडोळ्यांना आधीच सवयीची झाली, त्याला भौतिकीचे पुस्तक उघडताना पाच शब्दांत एक नव्हे, बऱ्याच कमी ठेचा लागतील. त्यासाठी प्रत्येक मुलाच्या हाती मोबाइल असण्याची गरज नाही. शिक्षकाच्या मोबाइलवर निवेदन उघडायचे, आपल्या जिल्ह्याची ओळ फळ्यावर उतरवायची आणि पर्जन्यमापक पाहायला दोघांना छपरावर पाठवायचे. हजेरी घेऊन होईपर्यंत ते परत येतात.