मिडवेची 'पाच मिनिटं' : साक्षीदार तिथे होता, एवढं पुरतं का?

अमेरिकेच्या निर्णायक लढायांची कुठलीही यादी काढा, मिडवे तिच्यात असतेच. ४ जून १९४२ रोजी प्रशांत महासागरातल्या या चिमुकल्या बेटाजवळ अमेरिकन विमानांनी जपानच्या अकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू या चार विमानवाहू नौका संपवल्या. अमेरिकेने यॉर्कटाउन गमावली. संशोधनाची तयारी करत असाल तर या लढाईइतकंच तिच्यावरचं एक पुस्तक वाचा: जोनाथन पार्शल आणि अँथनी टली यांचं 'शॅटर्ड स्वॉर्ड' (२००५). लढाई तुमच्या विषयात बसत नसेल तरीही वाचा.

आधी जुनी गोष्ट. पर्ल हार्बरवर विमानं घेऊन गेलेला मित्सुओ फुचिदा मिडवेच्या वेळी अकागीवर होता. अपेंडिक्सचं ऑपरेशन झाल्यामुळे त्याला उड्डाण करता आलं नव्हतं. मासाताके ओकुमियासोबत त्याने लिहिलेलं पुस्तक १९५१ मध्ये जपानीत आणि १९५५ मध्ये इंग्रजीत आलं. त्यात तो सांगतो की, जपानी विमानं डेकवर सज्ज उभी होती, अजून पाच मिनिटं मिळाली असती तर सगळी आकाशात गेली असती. नेमके तेव्हाच अमेरिकन बॉम्बफेके वरून कोसळले. पाच मिनिटांत युद्ध फिरलं! गोष्ट इतकी चटकदार की पुढची पन्नास वर्षं इंग्रजी पुस्तकं तीच सांगत राहिली.

पार्शल-टली काय करतात? फुचिदा खरं बोलतोय का, हा प्रश्न ते बाजूला ठेवतात. आधी विचारतात, हे शक्य होतं का? जपानी नौकांवर टॉर्पेडो विमानं खालच्या हँगरमध्ये सज्ज केली जात. मग लिफ्टने वर आणायची, रांगेत लावायची, इंजिनं गरम करायची. यात पाऊण तासाच्या आसपास वेळ जाई, आणि तेवढा वेळ डेक मोकळा हवा. आता ते नौकांवरच्या विमानपथकांच्या नोंदी काढतात. कोणतं विमान केव्हा उडालं, केव्हा उतरलं, हे त्यात लिहिलेलं आहे. दहा वाजून गेल्यावरही संरक्षक लढाऊ विमानांची चढउतार चालूच होती आणि साधारण वीस मिनिटांत बॉम्ब पडले. मग हल्ल्याची विमानं डेकवर रांगेत उभी असणार कशी? ती बहुतांशी खाली हँगरमध्येच होती, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

यातली चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. जपानच्या अधिकृत युद्ध-इतिहासाचा मिडवेवरचा खंड १९७१ मध्येच आला होता आणि त्यात फुचिदाच्या चित्राला आधार नव्हता. म्हणजे उत्तर छापून तयार होतं, फक्त ते जपानीत होतं. इंग्रजीत लिहिणारे इंग्रजीतल्याच पुस्तकांचे दाखले देत राहिले. दहा लेखकांनी एकच विधान केलं म्हणून पुरावे दहा होत नाहीत. दहाही जण एकाच विहिरीचं पाणी भरत असतील, तर पुरावा एकच.

पुस्तकाची दुसरी जमेची बाजू म्हणजे 'निर्णायक' या शब्दाची तपासणी. मिडवेत जपानचे सगळे कसलेले वैमानिक गेले, हा समज ते खोडून काढतात: विमानकर्मी सुमारे ११० मारले गेले, वैमानिकांची मोठी झीज पुढे सॉलोमन बेटांच्या लढायांत झाली. शिवाय एसेक्स वर्गाच्या विमानवाहू नौका अमेरिकेत मिडवेच्या आधीपासूनच बांधल्या जात होत्या. पहिली १९४२ च्या ३१ डिसेंबरला नौदलात दाखल झाली. मग मिडवेने नक्की कशाचा निर्णय लावला? जपानच्या आक्रमक मोहिमांचा जोर मोडला, हे मान्य. अख्ख्या युद्धाचा निकाल लावला, हे म्हणणं मात्र वेगळ्याने सिद्ध करावं लागेल.

माझा आक्षेप एकच. हे लेखक लष्करी नियमपद्धतीवर फार भिस्त ठेवतात. डेकच्या बाबतीत ते चालतं, कारण जोडीला वेळेच्या नोंदी आहेत. पण सेनापती नागुमोच्या मनात काय चाललं होतं, तिथे नोंदी तोकड्या पडतात आणि नियमच त्याच्या तोंडून बोलू लागतात. नियम काय करायला हवं ते सांगतो; माणसाने तेच केलं, याला पुरावा वेगळा लागतो.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा एवढं करून बघा. तुमच्या विषयातलं सगळ्यात जास्त उद्धृत होणारं विधान घ्या आणि तळटिपा धरून मागे मागे जा. ते शेवटी कुणापाशी पोचतं, त्या माणसाला ते सांगण्यात काय हित होतं, आणि त्याच दिवसाची दुसरी नोंद कुठल्या भाषेत पडून आहे, हे लिहून काढा. गाईडकडे पहिल्या भेटीला जाताना विषयाच्या लांबलचक यादीऐवजी हे एक पान घेऊन जा.