कुटुंबाला कोकणात पाठवू नका

मराठी सिनेमातल्या शहरी कुटुंबात खटके उडू लागले की हल्ली बऱ्याचदा गाडी कोकणाकडे वळते. ड्रोनने टिपलेली खाडी, कौलारू घर, पडवीतली आजी, आणि शेवटी सगळ्यांचे डोळे पाणावतात. ‘घरत गणपती’ (२०२४) हा या वळणाचा देखणा नमुना. त्यासाठी नवज्योत बांदिवडेकर यांना इफ्फीत पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. चित्रीकरण सुरेखच आहे, पण सणाच्या उत्साहात भांडणाची धार बोथट होते.

निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’मध्ये (२००५) ही सोय नव्हती. संदीप कुलकर्णीचा माधव आपटे हातात बॅट घेऊन शहरावर तुटून पडतो, पण खरी पडझड घरात होते. शिल्पा तुळसकरची पत्नी त्याच्या तत्त्वांपायी पिचते आणि तिचंही चुकत नाही. दोघं बरोबर असताना संसार मोडतो, हे बघायला धीर लागतो.

त्याहून मोठा धीर ‘कच्चा लिंबू’चा (२०१७). प्रसाद ओक यांनी तो जयवंत दळवींच्या ‘ऋणानुबंध’वरून केला. दळवी आरवलीचे, कोकण त्यांच्या अंगात भिनलेलं, तरीही काटदरे कुटुंबाला त्यांनी मुंबईच्या खोलीतून हलू दिलं नाही. गतिमंद मुलगा वयात येतोय. आई-बाप पाळ्या लावून त्याच्याजवळ थांबतात आणि त्यात त्यांचं नवरा-बायको असणं संपून जातं. सोनाली कुलकर्णीचा थकवा आणि रवी जाधवचं गप्प राहणं कृष्णधवल चौकटीत अंगावर येतं. प्रेम भरपूर आहे, तरी पुरत नाही, आणि चित्रपट खोटा दिलासा देत नाही.

‘झिम्मा’ आणि ‘बाईपण भारी देवा’ यांनी गर्दी खेचली. त्यापलीकडे लिहिण्यासारखं थोडं. ‘व्हेंटिलेटर’ (२०१६) मात्र वेगळा: राजेश मापुसकरांनी गावाकडची भावकीच रुग्णालयाच्या व्हरांड्यात आणून बसवली. अविनाश अरुणच्या ‘थ्री ऑफ अस’मधली शैलजा वेंगुर्ल्याला जाते, पण तिचा स्मृतिभ्रंश तिथे बरा होत नाही.

कोकण हे औषध नाहीच. रत्नागिरी जिल्ह्यात मुचकुंदीच्या मुखावर पूर्णगड आहे. खाडी, छोटा किल्ला, समोर समुद्र: कॅमेऱ्याला आणखी काय हवं? पण या किनाऱ्यावरच्या गावांत कुलूपबंद घरं आहेत, सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची सामाईक नावं आहेत, आणि एकाची सही अडली की घराची वाटणी अडते. गावात राहिलेला भाऊ घर राखतो, मुंबईकर भाऊ हिस्सा मागतो. हे नाट्य कुणी का लिहीत नाही? सिनेमात गावातला माणूस पाहुण्यांना मासे वाढण्यापुरता येतो. त्याच्या मुलाची नोकरी, त्याचं कर्ज, त्याचा राग यांना जागाच नाही. हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि विरारच्या दोन खोल्यांत कुढणाऱ्या त्याच्या भावावरही.

पुढच्या दिग्दर्शकाने कुटुंब जिथे भांडतंय तिथेच कॅमेरा लावावा. पूर्णगडला यायचंच असेल, तर त्या कुलूपबंद घराच्या वाटणीची गोष्ट घेऊन यावं.