डायनॅमो, संगणक आणि उत्पादकता : एका युक्तिवादाची चिकित्सा

संगणकीकरणावर अमाप खर्च होऊनही उत्पादकतेच्या आकडेवारीत त्याचा मागमूस लागत नाही, असे निरीक्षण रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये नोंदविले. पॉल डेव्हिड यांचा ‘द डायनॅमो अँड द कॉम्प्युटर’ हा १९९० मधील निबंध म्हणजे त्याला मिळालेले एक बहुचर्चित उत्तर होय.

डेव्हिड यांचे विवेचन कारखान्याच्या इमारतीपासून सुरू होते, हे त्याचे बलस्थान. न्यूयॉर्कचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झाले. तरी १९०० च्या सुमारास अमेरिकी कारखान्यांच्या यांत्रिक शक्तीत विजेचा वाटा जेमतेम ५ टक्के होता. वाफेच्या एका इंजिनावर छतालगतचे लांबलचक दांडे फिरत व पट्ट्यांनी सर्व यंत्रे चालत. प्रारंभी मालकांनी इंजिनाच्या जागी मोटार बसविली, दांडे मात्र तसेच ठेवले. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार मिळाली, एकमजली इमारती आल्या आणि यंत्रांची मांडणी कामाच्या ओघानुसार होऊ लागली. उत्पादकतेची खरी झेप १९२० च्या दशकात दिसली.

इतिहास म्हणून हे पटते. भाकीत म्हणून ते लंगडे आहे. ‘अजून थांबा’ हे उत्तर कोणत्याही आकडेवारीने खोटे ठरविता येत नाही. १९९५ नंतर अमेरिकेत उत्पादकता वेगाने वाढली, तेव्हा डेव्हिड यांचे म्हणणे सिद्ध झाल्यासारखे वाटले. परंतु मॅकिन्झी ग्लोबल इन्स्टिट्यूटच्या २००१ च्या अभ्यासानुसार ती वाढ मुख्यत्वे सहा क्षेत्रांत एकवटली होती. हॉटेले व किरकोळ बँकिंग यांनी संगणकांवर मोठा खर्च केला, पण तेथे उत्पादकतेला तशी गती आली नाही. किरकोळ व्यापारात वॉलमार्टने वितरणाची व्यवस्थाच बदलली आणि स्पर्धकांना तिचे अनुकरण करणे भाग पडले. स्पर्धेचा हा दबाव डेव्हिड यांच्या मांडणीत दुय्यम राहतो. शिवाय २००५ च्या आसपास वाढीचा वेग पुन्हा मंदावला, तोही इंटरनेटचा प्रसार वाढत असताना. निव्वळ विलंबाने याचा उलगडा होत नाही.

आपल्याकडील वाणिज्य शाखेच्या प्रबंधांत व्यवस्थापकांना ‘संगणकामुळे उत्पादकता वाढली का?’ असे विचारून होकारांची टक्केवारी काढली जाते. त्यातून मोजले जाते ते मत. त्याऐवजी संगणक आल्यावर कोणती नोंदवही बंद झाली, कोणती मंजुरी वगळली गेली व त्याच मनुष्यतासांत किती काम झाले, हे विचारावे. वही आणि संगणक दोन्ही चालू असतील, तर दांडा अजून छताला आहे.